शनी तुळेत आला, पण संप मिटला नाही - मेदिनीय ज्योतिषवाल्यांना प्रश्न

गिरणगावची_लेक
नमस्कार मंडळी, खूप दिवस मनात आहे म्हणून विचारतेय, ज्यांचा मेदिनीयचा, म्हणजे देश-समाजाच्या घडामोडींचं भाकीत करणाऱ्या ज्योतिषाचा अभ्यास आहे त्यांनी प्लीज नीट उत्तर द्या.

माझे बाबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. चाळीत खालच्या मजल्यावर एक काका पत्रिका बघायचे, ते पण गिरणीतलेच, कोणाकडून एक पैसा घ्यायचे नाहीत. ते म्हणायचे शनी आणि मंगळ दोघं कन्येत बसलेत म्हणून एवढं पेटलंय, पण ऑक्टोबरात शनी तुळेत जातो, तिथे तो उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बलवान, आणि शनी म्हणजे कष्टकऱ्यांचा ग्रह, मग मालकांना नमावंच लागेल. बाबांनी कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानावर एका तारखेला पेन्सिलने गोल केला होता तो मला अजून डोळ्यासमोर दिसतो. तोपर्यंत घरातली पितळेची भांडी एकेक करत मोडीत गेली, शेवटी पाण्याचा हंडा पण गेला. जुलैत एका जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, निरोप आणला की गुपचूप कामावर ये, तुझा साचा राखून ठेवलाय. बाबा गेले नाहीत.

शनी तुळेत आला. संप मिटला नाही, आजपर्यंत कोणी तो रीतसर मागे घेतलेलाच नाही. बाबा पाटणकडे गावी गेले, मिळेल ते काम केलं, आता ते नाहीत. मला एवढंच कळून घ्यायचंय की काकांचं गणित चुकलं होतं की हे शास्त्रच असं नसतं? मला कोणाला दोष द्यायचा नाहीये.

पंचांगप्रेमी
ताई, वाचून गलबलून आलं. काकांचं गोचर, म्हणजे ग्रह कधी कुठल्या राशीत आहे ते, बरोबर होतं, शनी खरंच ऑक्टोबर १९८२ च्या सुरुवातीला तुळेत गेला आणि जानेवारीत शनी-मंगळ कन्येतच होते. फक्त दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या असाव्यात. एक म्हणजे १९८१ मध्ये कन्येतच गुरू-शनीची युती झाली होती, म्हणजे दोघं एकत्र आले होते, ती साधारण वीस वर्षांनी होते आणि तिच्यापासून नवीन आर्थिक पर्व मोजतात, म्हणजे मुंबईतलं कापडाचं जुनं पर्व तिथेच संपत आलं होतं असं मी वाचेन. दुसरं, उच्चीचा शनी न्याय देतो पण सावकाश देतो, लगेच फळ देणारा ग्रह तो नाहीच. आणि पाश्चात्त्य पद्धतीने बघितलं तर ८ नोव्हेंबर १९८२ ला शनी-प्लूटोची युती आहे, हीच युती १९१४ ला महायुद्ध पेटल्यावर दोन महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९४७ ला म्हणजे फाळणीच्या तोंडावर, आणि १२ जानेवारी २०२० ला कोरोनाच्या वेळी. हा योगायोग म्हणून सोडून देणं मला तरी जमत नाही.

आकडेमोड
पंचांगप्रेमी, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे एका माणसाने वर्षभर घर पणाला लावलं होतं म्हणून स्पष्ट लिहितो.

शनी-मंगळाचंच घ्या, बोटांवर मोजा. ग्रह स्वतःपासून ज्या राशींवर बघतो ती त्याची दृष्टी; मंगळाला ४, ७, ८ अशा दृष्टी, शनीला ३, ७, १०. आता शनी एका राशीत धरा आणि मंगळ बाराही राशींतून फिरवा. शनीपासून मंगळ पहिल्या राशीत आला की युती, तिसऱ्यात शनीची दृष्टी, सहाव्यात मंगळाची आठवी दृष्टी शनीवर, सातव्यात समोरासमोर, दहाव्यात दोघांची एकमेकांवर. झाल्या पाच राशी. बारापैकी पाच! म्हणजे कुठलाही संप, दंगल, मोर्चा उचला, जवळजवळ चाळीस टक्के वेळा शनी-मंगळाचा काहीतरी संबंध निघणारच, आणि अजून राहू-केतू घेतलेच नाहीत. मग प्लूटो, तो तर १९३० ला सापडला, आपल्या ग्रंथांत त्याचं नावच नाही.

अष्टग्रही आठवा. फेब्रुवारी १९६२ ला मकरेत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू, देशभर यज्ञ झाले, लोक जगबुडीला घाबरले होते. त्या तीन दिवसांत काही झालं नाही. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा म्हणाले बघा, सांगितलं होतं. पण पानशेत तर त्याच्या आधी फुटलं होतं, १२ जुलै १९६१ ला, अख्खं पुणं वाहून गेलं, आणि त्याची सूचना कोणी दिली नव्हती. फळ आधी आलं तरी चालतं, नंतर आलं तरी चालतं, मग चुकायचं कधी?

बदली_कामगाराचा_मुलगा
ताई मी पण त्याच भागातला. माझे वडील बदली होते, रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत घरी. संपाची एक मागणी बदलीवाल्यांना कायम करा हीच होती म्हणून आमच्यासारखे सगळ्यात पुढे. अडीच लाख माणूस बाहेर पडला होता. तो ग्रहांमुळे पडला नाही आणि ग्रहांमुळे हरला पण नाही. १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनशी बोलायचं बंधन होतं, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्याशी बोलायलाच सरकार तयार नव्हतं, मालकांकडे न विकलेला माल पडून होता आणि कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर निघत होतं. गिरणी बंद राहिली तर काही मालकांचं भलंच होतं, जागा सोन्याच्या होत्या.

आणि जॉबरच्या निरोपाचं म्हणाल तर तो आमच्याकडे पण आला होता. वडील गेले नाहीत कारण समोरच्या खोलीतला माणूस गेला नव्हता. एवढंच कारण होतं, मी त्यांना म्हातारपणी विचारलंय. तुमच्या बाबांना शनीच्या नावाने वाट बघणारा माणूस समजू नका.

पंचांगप्रेमी
दृष्टीचं गणित बिनचूक आहे, ते मी मान्य करतो, असं मोजून मी कधी बघितलं नव्हतं. तरी एक सांगतो, शनी पुन्हा तुळेत आला नोव्हेंबर २०११ ला, आणि २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाची गिरणी कामगारांच्या घरांची लॉटरी निघाली. तीस वर्षांनी का होईना, न्याय झाला ना?

आकडेमोड
जून २०१२ ला शनी वक्री होऊन, म्हणजे उलटा फिरून, परत कन्येत गेला होता, मे ते ऑगस्ट. पंचांग काढून बघा. आणि घर अजून न मिळालेले कितीतरी वारस आहेत, त्यांना काय सांगायचं.

गिरणगावची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बदलीदादा, तुमचं वाचल्यावर राहवलं नाही, गावी आईला फोन केला. त्या गोलाचं विचारलं. ती म्हणाली तो शनीचा नव्हता गं, कोपऱ्यावरच्या वाण्याने त्या तारखेपर्यंतच उधारी देईन म्हणून सांगितलं होतं, पुढे नाही. काका बोलायचे ते बाबा ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, बास. मी इतकी वर्षं उलटंच धरून बसले होते.

मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, शनिवार मी धरले होते, तुझ्या बाबांना सांगितलं नव्हतं. अजून धरते.