मदत हवी आहे: बारीक ग्रेनचं 5083 गरम ओढताना मधेच एम (ओढण्याचा वेग बदलला की लागणारा जोर किती बदलतो ते सांगणारा आकडा) का घसरतो?

मंडळी, तीन आठवडे अडकलोय, कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा. 5083 अॅल्युमिनियमचा (मॅग्नेशियम मिसळलेला) पत्रा आहे, ग्रेन (धातूतले स्फटिककण) साधारण 10 मायक्रॉन, 500 अंश सेल्सिअसला टेन्साइल टेस्ट करतोय, सुरुवातीचा स्ट्रेन रेट (लांबीच्या प्रमाणात ताणण्याचा वेग) सेकंदाला 0.001. बारीक ग्रेन म्हणजे जास्त ताकद हे हॉल-पेचचं गणित थंड धातूपुरतं ठीक, इथे जाड ग्रेनच्या सँपलला जास्त जोर लागतो आणि तोच आधी तुटतो, बारीकवाला मान न पडता (एकाच जागी निमुळता न होता) लांबत राहतो. एवढ्या तापमानाला ग्रेनच बाउंड्रीवरून (दोन ग्रेनमधल्या सीमेवरून) एकमेकांवर सरकतात, इथपर्यंत कळतंय.

सरकताना पाहिलंयही. ओढायच्या आधी पॉलिश केलेल्या सँपलवर बारीक चरे मारले होते, थोडं ओढून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर चरा ग्रेनच्या आत सरळ आणि बाउंड्रीवर आला की तुटून बाजूला गेलेला, फार सुंदर दिसतं ते.

अडचण पुढे आहे. मधेच स्पीड बदलून एम काढला तर सुरुवातीला 0.5 च्या आसपास येतो, लांबी दुप्पट होईपर्यंत 0.35 वर उतरतो. आमचं मशीन क्रॉसहेड एकाच स्पीडने ओढतं, म्हणजे दुप्पट लांबीला खरा स्ट्रेन रेट निम्माच राहतो, मग स्ट्रेस उतरायला हवा ना, पण ट्रू स्ट्रेस (त्या क्षणाच्या खऱ्या जाडीवर काढलेला ताण) चढतोय! ग्रिपमधला भागही तेवढाच वेळ भट्टीत होता, पण तिथले ग्रेन जेमतेम वाढलेत आणि मधल्या ओढलेल्या भागातले चांगलेच मोठे झालेत, म्हणजे नुसत्या उष्णतेने नाही, ओढल्यामुळे वाढतायत.

माझा अंदाज असा की ग्रेन मोठे झाले की सरकणं मागे पडतं आणि मॅग्नेशियमचे अणू ओढत चालणाऱ्या डिसलोकेशन्सचा (ग्रेनच्या आतल्या अणूंच्या रचनेतल्या सरकणाऱ्या दोषांचा) क्रीप, म्हणजे गरम धातूचं हळूहळू ताणलं जाणं, पुढे येतो, त्याचा एम 0.33 च्या जवळ असतो म्हणून. हे बरोबर आहे का, आणि सिद्ध कसं करू? टेस्ट मधेच थांबवून सँपल परत पॉलिश करून नवे चरे मारून पुन्हा ओढायचा विचार आहे, पण हवेत 500 अंशाला पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं आणि चरे पुसट होतात, आरगॉनने भागेल का व्हॅक्यूमच लागेल? आणि परत गरम करताना ग्रेन अजून वाढले तर ते वेगळं कसं मोजायचं?