शार्त्रच्या जुन्या पिक्चर पोस्टकार्डांचा काळ कसा ठरवावा?

शार्त्रसंग्रह (प्रश्न):
फ्रान्समधील शार्त्र या गावाची जुनी पिक्चर पोस्टकार्डे मी जमवतो आणि आता ती कालक्रमाने लावू पाहत आहे. तीन कार्डांपाशी अडलो आहे. पहिल्यावर कॅथीड्रल आहे. त्याच्या मागे मधली रेघ नाही, मजकूर चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत दाटीवाटीने लिहिला आहे, परंतु शिक्क्यात वर्ष ‘०८’ दिसते. दुसऱ्यावर शिक्का आहे, तिकीट मात्र नाही. तिसरे पोर्त गीयोम या जुन्या वेशीचे असून ते कोरेच राहिले आहे. यांची वर्षे कशावरून धरावीत?

टपालप्रेमी:
छायाचित्र काढले केव्हा, कार्ड छापले केव्हा आणि ते टपालात पडले केव्हा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. फ्रान्समध्ये मागच्या बाजूचा डावा अर्धा भाग मजकुरासाठी वापरण्याची मुभा नोव्हेंबर १९०३च्या आदेशाने मिळाली. त्यापूर्वी ती बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव असल्यामुळे लिहिणाऱ्याला चित्राच्या कडेचा आधार घ्यावा लागे. तुमचे पहिले कार्ड त्या बदलाआधी छापलेले असावे आणि दुकानात उरलेल्या साठ्यातून १९०८ साली विकले गेले असावे. तिकीटही पाहा. पेरणी करणाऱ्या स्त्रीचे, सपाट पार्श्वभूमीचे १० सँतीमचे लाल तिकीट १९०६-०७ मध्ये आले, त्यामुळे ते असेल तर शिक्क्याचे वाचन पक्के होते. हिरवे ५ सँतीमचे तिकीट असल्यास शब्द मोजा, कारण पाच शब्दांपर्यंतच्या शुभेच्छांना तो कमी दर लागू असे. नीट पाहता यावे म्हणून तिकीट सोडवून काढू नका, ही कळकळीची विनंती. त्याने कार्डाचा पुरावाच नष्ट होतो.

भिंगवाला:
दुसऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात ‘एफ. एम.’ (फ्रांशीझ मिलितेर, म्हणजे सैनिकांना टपालखर्चाची माफी) ही अक्षरे लिहिलेली आहेत का? पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ पासून, फ्रेंच सैनिकांचे टपाल विनातिकीट जाई. अशा कार्डावरील मजकूर अवश्य वाचून घ्या, कारण पलटणीचा उल्लेख किंवा लिहिणाऱ्याने स्वतः घातलेली तारीख पुसट शिक्क्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

शार्त्रसंग्रह:
अक्षरे आहेत, आणि वर हाताने ‘१९१५’ असेही लिहिले आहे. आभारी आहे. आता वेशीचे कार्ड तेवढे राहिले.

टपालप्रेमी:
पोर्त गीयोम ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंगाने उडवली, म्हणून अखंड वेशीचे छायाचित्र त्याआधीचेच. ही झाली अलीकडची मर्यादा. पलीकडची मर्यादा छपाईवरून काढावी लागेल. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी न दिसता बारीक सुरकुतल्यासारखा कण दिसला, तर ती फोटोटिपी, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कार्डांची नेहमीची पद्धत. चकचकीत छायाचित्रकागद आणि माकाँच्या काँबिये कंपनीची ‘सी. आय. एम.’ ही अक्षरे असतील, तर कार्ड बरेच नंतरचे. ‘एन. डी.’ म्हणजे नेर्दँ आणि ‘एल. एल.’ म्हणजे लेव्ही, हे दोन्ही कार्डांचे प्रकाशक. त्यांच्या कार्डांवरील आकडा मालिकेतला क्रम सांगतो, वर्ष नव्हे, आणि खपणारी दृश्ये वर्षानुवर्षे पुन्हा छापली जात.

भिंगवाला:
एक भर घालतो. देझेपार चौकाचे कार्ड कधी हाती आले, तर जवळची मनोऱ्याची भव्य टपाल कचेरी त्यात शोधा. राउल ब्रांदों यांची ती इमारत १९२०च्या दशकातली असून आज तेथे सार्वजनिक ग्रंथालय आहे. वेशीच्या कार्डाची मागची बाजू येथे दाखवलीत, तर प्रकाशकाची अक्षरे वाचून पाहता येतील.