कन्नड घाटापेक्षा पाटणादेवी
खानदेशात सायकलला चढ हवा तर चाळीसगावजवळचा कन्नड घाटच, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. चढ भारी आहे, पण गाड्यांच्या रांगेत मजा कसली? चाळीसगावहून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटणादेवीच्या देवळाकडे वळा. साधारण १८ किलोमीटर, आजूबाजूला कपाशी, समोर डोंगराची भिंत जवळ येत जाते.

आणि तिथल्या पाटणा गावाचं खरं मोल कुणी सांगतच नाही. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख याच गावात सापडला, शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत! गणिताच्या त्या गावी सायकलने पोचण्यासारखं सुख नाही. पावसाळा सरताना जा. एप्रिल-मेच्या उन्हात अजिबात नको.