'ट्रू ब्लू' लिहू की नको? मदत हवी आहे (अर्जंट)

नमस्कार मंडळी, आमच्या टीममधले इंग्लंडचे एक सिनियर शुक्रवारी रिटायर होतायत आणि कार्डावर चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय (इंग्लिश मिडियमची ना मी!). मी लिहिलं 'अ ट्रू ब्लू फ्रेंड', म्हणजे काही झालं तरी साथ न सोडणारा, मागे एकदा रात्री दोनला सर्व्हर बसला तेव्हा हा माणूस उजाडेपर्यंत कॉलवर होता, स्वतःचं काम नसताना. तर शेजारचा म्हणतो ब्लू म्हणजे उदास, दुसरा नुसताच फिदीफिदी हसतोय, आणि लंडनच्या मुलीला ड्राफ्ट पाठवला तर तिचा रिप्लाय, 'पण ते तर लेबरवाले आहेत', पुढे तीन स्मायली. आता यात लेबर पार्टीचा काय संबंध?? डिक्शनरीत तर लॉयल असंच दिलंय. आणि मराठीत काय म्हणाल? एकनिष्ठ फारच पतिव्रता टाइप वाटतं.

प्रतिसाद:
काढ गं ते. डिक्शनरी बरोबरच आहे, पण तिकडे निळा रंग कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, लेबरचा लाल, त्यामुळे ट्रू ब्लू म्हटलं की कट्टर टोरीच (म्हणजे कन्झर्व्हेटिव्हवाला) डोळ्यासमोर येतो, आपल्याकडे नुसतं निष्ठावंत म्हटलं तरी 'कुठल्या गटाचे?' विचारतात ना, तसं. अमेरिकन माणसाला चाललं असतं. इथे ऑस्ट्रेलियात तर त्याचा अर्थ अस्सल, याच मातीतला असा होतो. उदासीशी काही संबंध नाही, मूळ गोष्ट कापडाची आहे म्हणतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे रंगारी निळ्या रंगासाठी नावाजलेले, कितीही धुवा, रंग जायचा नाही, म्हणून भरवशाच्या माणसाला कॉव्हेंट्रीच्या निळ्याची उपमा. माझी आजी नवीन साडी आधी मिठाच्या पाण्यात बुडवून बघायची, रंग सुटतो का म्हणून, तोच हिशोब. मराठीत मी तरी 'पक्क्या रंगाचा माणूस' म्हणेन.

कार्डावर 'थ्रू थिक अँड थिन' लिही, म्हणजे बऱ्यावाईट काळात साथ देणारा, त्याला पक्षबिक्ष नाही. थिक म्हणजे दाट झाडी, थिन म्हणजे विरळ. गंमत म्हणजे इंग्लिश कवी चॉसरच्या १४व्या शतकातल्या एका गोष्टीत हे शब्द येतात ते मोकाट सुटलेल्या घोड्यासाठी, तो रानातल्या घोड्यांमागे असा झाडाझुडपांतून उधळतो, निष्ठेचा पत्ताच नाही!

धागाकर्ती:
थँक्यू थँक्यू, बदललं. घोड्याचं कोणाला सांगत नाही. पण कार्डाचं पाकीट निळंच आणलंय, चालेल ना?