वाळूत राहत नाही, माशीसारखी दिसत नाही, तरी 'वाळूमाशी'?

उंबरठा: गावात चांदीपुरा तापाचा कागद लागलाय, 'वाळूमाशीपासून सावध राहा'. काकू वाचून म्हणाली, "आपल्याइथं कुठं नदी हाय बाप्पा? अन् अन्न तं मी झाकूनच ठेवतो." दोन्ही गैरसमज नावामुळे. हा कीटक गोठ्यात, मातीच्या भिंतींच्या भेगांत लपतो. अन्नाशी त्याचा संबंध नाही. मादी रात्री रक्त पिते. 'सँडफ्लाय'चं शब्दशः भाषांतर करून काय साधलं? 'भेगडास' म्हणा सरळ.

पाटीपेन्सिल: भेगडास! मला टाचांच्या भेगा आठवल्या. अहो, गोमाशी काय फक्त गाईला चावते? ही वाळूच्या रंगाची असते, नावाला तेवढं पुरे. आणि 'डास' म्हणालात की लोक डबकी बुजवत बसतील. ही पाण्यात अंडी घालतच नाही, शेणामातीच्या ओलीत घालते. तुमचं नाव जास्त फसवं.

उंबरठा: डबक्यांचा मुद्दा मान्य. 'माशी' मात्र पटत नाही ती नाहीच.

दक्षिणबेट: न्यूझीलंडहून. इथली 'सँडफ्लाय' वेगळाच प्राणी. काळी, वाहत्या पाण्यात वाढणारी, भरदिवसा चावणारी. माओरी लोक 'नामू' म्हणतात. कॅप्टन कुकनं 1773 मध्ये डस्की साउंडला हिच्याबद्दल कुरकूर लिहून ठेवलीय. सासूबाई मिलफर्ड साउंडला ओरबाडून घेत होत्या, वर चांदीपुराची धास्ती! इथली माशी तो ताप पसरवत नाही, हे पटवताना घाम फुटला. म्हणून भाषांतर नकोच, 'सँडफ्लाय'च लिहा.

पाटीपेन्सिल: म्हणजे तोच घोळ देवनागरीत.

गोठाभेट: आशाताईंसोबत घरोघरी फिरते. मी नाव सांगतच नाही. डासापेक्षा बारकी, दोनतीन मिलिमीटरची, पंख वर उभे धरून बसणारी, भिंतीवर टुणटुण उड्या मारणारी, असं सांगितलं की बाया लगेच "हो, हो, असते" म्हणतात. मग भेगा लिंपायला सांगायचं. साध्या मच्छरदाणीतून ती आत येते, हेही बजावायचं.

उंबरठा: पण कागदावर टुणटुण कसं छापणार?

वर्धेकाठ: नावांवरूनच भांडायचं तर चांदीपुराचं काय? नागपूरजवळचं गाव. 1965 मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांत विषाणू सापडला. 2024 मध्ये गुजरातेत मुलं दगावली, तरी बातमीत नाव आमच्याकडच्याच गावाचं. माशीला निदान तक्रार करता येत नाही.