केनियाचा किनारा : मोंबासा, लामू, गेडी... तुमचे अनुभव लिहा

समुद्रपक्षी : परवा लेकीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेले होते. पाऊस नुकताच थांबलेला, भिंतींना शेवाळ, खाडीवरचा वारा. एकदम मोंबासा आठवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं होतो आम्ही तिथे. तिथला फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते ९६ मध्ये बांधला. आराखडा करणारा कैराती इटालियन, पण कामाला गोव्यात. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. हात फिरवला की बोटांना खरखरतं, नीट पाहिलं तर शिंपल्यांचे तुकडे दिसतात.
आत संग्रहालयात एका बुडालेल्या जहाजातल्या वस्तू आहेत. सांतो अंतोनियो द तन्ना. ओमानच्या अरबांनी १६९६ मध्ये किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा मदतीला आलेलं हे जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. गाईड म्हणाला, हे 'बसीन'ला बांधलेलं. बसीन म्हणजे आपली वसई हे डोक्यात शिरायला दोन मिनिटं लागली, आणि मग डोळे भरूनच आले. कोण कोण गेलंय तिकडे? लिहा ना.

पाचूबंदर : काय सांगतेस! जन्म वसईत गेला, हे कुणीच सांगितलं नाही. आजोबा होड्या बांधायचे. सागाच्या फळीला कान लावून, ठोकून बघायचे. आज ते हवे होते. फोटो आहे का जहाजाचा?

समुद्रपक्षी : सांगाडा अजून समुद्राच्या तळाशीच आहे गं. पाणबुडे उतरून १९७७ ते ८० मध्ये वस्तू वर काढल्या, त्या संग्रहालयात आहेत. जुन्या हार्ड डिस्कवर फोटो असतील, शोधते.

नैरोबीकर : घाईत लिहितोय, कुकर लावलाय. नैरोबीहून आता ट्रेन आहे, २०१७ पासून. सकाळी बसलं की दुपारी मोंबासा. किल्ला बघून झाला की मागच्या जुन्या गावात शिरा आणि महाम्री-म्बाझी खाच. म्बाझी म्हणजे आपली तूर, अख्खी, नारळाच्या दुधात. सोबत त्या गोडसर फुगलेल्या पुऱ्या.

आंबोळी : तूर नारळाच्या दुधात?? डाळ नाही, अख्खे दाणे? भिजवायचे किती वेळ?

नैरोबीकर : रात्रभर. कांदा परता, हळद घाला, दाणे आधी मऊ शिजवून घ्या. दाट दूध शेवटी, मग उकळी नको.

दोन बॅगा : लामूबद्दल कुणीच बोलेना! गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरणारच नाही. सगळा भार गाढवांवर. सकाळी खिडकीखाली टापांचा आवाज, दगडांनी भरलेल्या गोण्या, आणि सारखं "पुंडा, पुंडा", म्हणजे गाढव आलं, बाजूला व्हा. कोरीव दरवाजे बघत भिंतीला चिकटून उभी राहायचे. जुनं गाव २००१ पासून जागतिक वारशात आहे, तरी घराघरांत माणसं राहतात, हेच मला फार आवडलं. एका होडीवाल्याने दुप्पट पैसे घेतले, ते मात्र अजून सलतं. भाडं आधी ठरवूनच बसा.

आईची_लाडकी : गेडीला सासूबाईंना घेऊन गेलो होतो. जंगलात दडलेलं स्वाहिली शहर, मशीद, राजवाडा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. सासूबाई प्रत्येक विहिरीत डोकावत होत्या. म्हणाल्या, एवढ्या विहिरी ठेवून माणसं गेली कशी असतील? दिवसभर तेच. तेवढ्यात माकडाने केळी पळवली.

पुढच्या_महिन्यात : आम्ही निघतोय. यलो फीवरची लस खरंच लागते का?

दोन बॅगा : लागतेच! दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवा. माझ्या मावसभावाचं कार्ड मोंबासाच्या हॉटेलात राहिलं. परत आल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात, आणि घरी बहिणीचा साखरपुडा.

आंबोळी : अरेरे. मग साखरपुड्याला पोचला का?

दोन बॅगा : नाही ना. व्हिडिओवर पाहिला त्याने. बहीण रडली.

पाचूबंदर : फोटो सापडला का गं? बाबांना दाखवायचाय, ते जागे आहेत अजून.