बी विंग ग्रुप: प्रेफरन्स शेअरच्या मेसेजवरून

३०१ वहिनी: काल रात्री ग्रुपवर 'कारखान्याचे प्रेफरन्स शेअर घ्या, दरसाल १२ टक्के, एकदम सुरक्षित' असा जो मेसेज आला तो आमच्या सासूबाईंनी वाचलाय. सोमवारी ६ लाखांची एफडी मोडायला निघाल्यात. ज्यांनी टाकला त्यांनीच आता सांगावं, प्रेफरन्स शेअर म्हणजे नक्की काय आणि त्यात 'एकदम सुरक्षित' कुणी लिहिलं?

सेक्रेटरी: नमस्कार. ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत ही नम्र विनंती 🙏 उद्या टँकर सकाळी ७ ला येईल.

३०१ वहिनी: मेसेज आला तेव्हा ही विनंती कुठं होती, भाऊजी?

२०३: वहिनी, मी कुणाच्या दारात मागायला गेलो नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे, मालक जुन्या ओळखीचे. ७ वर्षं दरसाल १२ टक्के, मग मुद्दल परत. गेटसमोरच्या टेम्पोचा राग इथं काढू नका.

३०१ वहिनी: टेम्पोचं वेगळं आहे आणि तेही बोलणार आहे.

१०५ मालक: बँकेत ७ मिळत नाही, इथं १२ मिळतंय. मी एवढंच म्हणतो.

४०२ काका: ३६ वर्षं बँकेत कर्जखातं सांभाळलंय म्हणून लिहितो, कुणी मनाला लावून घेऊ नये. एफडीत तुम्ही बँकेला कर्ज देता, व्याज तिला द्यावंच लागतं. शेअरमध्ये तुम्ही कंपनीचे भागीदार होता, मग तो प्रेफरन्स असो की साधा, म्हणजे इक्विटी. प्रेफरन्सला दोनच बाबतीत अग्रहक्क: डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, देताना इक्विटीवाल्यांच्या आधी, आणि कंपनी बुडाली तर मुद्दल परत घेतानाही त्यांच्या आधी. फक्त त्यांच्या आधी. बँक, कामगारांचे पगार, सरकारी देणी, सूतवाल्याची उधारी हे सगळे तुमच्या पुढं उभे असतात.

२०१: म्हणजे टँकरच्या रांगेत शेवटून दुसरा नंबर 😄

४०२ काका: बरोबर बोललास. आणि टँकर अर्धाच भरून आला तर शेवटून दुसरा काय नि शेवटचा काय.

ट्रेझरर: टँकरवरून आठवलं, २०२ आणि १०४ चे टँकरचे पैसे बाकी आहेत.

१०४: मी जीपे केलेत. स्क्रीनशॉट टाकू का सगळ्यांसमोर?

ट्रेझरर: टाका की. मागच्या महिन्याचा नको फक्त.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको 🙏

१०५ मालक: विषय भरकटला. बँकेत ७ मिळत नाही, इथं १२. फिक्स.

४०४ ताई (सीए): फिक्स दर आहे मालक, मिळणं फिक्स नाही. डिव्हिडंड नफ्यातूनच देता येतो. नफा झाला नाही, किंवा संचालकांनी जाहीर केला नाही, तर तुम्ही कोर्टात जाऊन 'माझे १२ द्या' म्हणू शकत नाही. शेअर क्युम्युलेटिव्ह असेल तर थकलेला डिव्हिडंड पुढं साचत जातो आणि तो चुकता केल्याशिवाय इक्विटीवाल्यांना काही वाटता येत नाही. नॉन-क्युम्युलेटिव्ह असेल तर ते वर्ष गेलं ते गेलं. २०३ भाऊ, यातला कुठला आहे?

२०३: ते कारखान्याच्या मालकांना विचारून सांगतो.

४०४ ताई (सीए): दोन वर्षं डिव्हिडंड थकला तर प्रेफरन्सवाल्यांना सगळ्या ठरावांवर मत मिळतं, कंपनी कायदा २०१३, कलम ४७. पण प्रायव्हेट कंपनीला आपल्या नियमावलीत हे कलम बाजूला ठेवता येतं. म्हणून तीही बघायला लागेल.

१०५ मालक: माझ्याकडं टाटा मोटर्सचे डीव्हीआर होते. तेही प्रेफरन्सच ना? चांगले पैसे झाले.

२०१: नाही ओ मालक, ती इक्विटीच. मताचा हक्क एक दशांश आणि डिव्हिडंड ५ टक्के जादा. २०२४ मध्ये १० डीव्हीआरला ७ साधे शेअर देऊन बंद केले. आणि ते बाजारात रोज विकता येत होते, हे कुठं विकणार? बाकी प्रेफरन्स वाईटच असतं असं नाही हं. अमेरिकेतले मोठे गुंतवणूकदार वॉरन बफे, त्यांनी २००८ मध्ये तिथल्या गोल्डमन सॅक्स बँकेचे प्रेफर्ड, म्हणजे प्रेफरन्सच घेतले होते, १० टक्क्यांचे.

४०२ काका: ५०० कोटी डॉलर घातले, पण सोबत ११५ डॉलरच्या भावानं तेवढ्याच रकमेचे साधे शेअर घ्यायचा हक्कही लिहून घेतला. २०११ मध्ये गोल्डमननं १० टक्के वर देऊन ते प्रेफर्ड परत घेतले. त्यांच्या अटी ते स्वतः लिहितात. आपल्याला छापील कागद येतो.

१०१ अण्णा: मगापासनं वाचलालोय. काय बोलालाव ओ तुम्ही, अमेरिकेत कशाला जाताव? जुनी मिल विसरलात का?

३०१ वहिनी: अण्णा, सांगा ना.

१०१ अण्णा: सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, १८७७ ची. माझे वडील साच्यावर होते. १९४९ मध्ये मिल बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर. १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून मिल ताब्यात घेतली, आपले संचालक बसवले, आणि शेअरवाल्यांचे संचालक निवडायचे हक्क गेले. त्या मिलचे प्रेफरन्स शेअर होते १०० रुपयांचे, क्युम्युलेटिव्ह. पण भरलेले ५० च. नव्या संचालकांनी प्रेफरन्सवाल्यांना नोटीस धाडली, उरलेले ५० भरा. म्हणजे मिल बंद, डिव्हिडंडचा पत्ता नाही, आणि वर आणखी पैसे द्या. अग्रहक्क होता की कागदावर!

२०१: मग भरले लोकांनी?

१०१ अण्णा: द्वारकादास श्रीनिवास म्हणून प्रेफरन्सवाले होते, ते कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टात हरले. सुप्रीम कोर्टात डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. भरपाई न देता मालमत्ता काढून घेतली म्हणून तो वटहुकूमच कोर्टानं रद्द ठरवला. वकिलीची पोरं आजही तो खटला शिकतात. पण विचार करा, चार वर्षं जीव टांगणीला. वडील गेटवर उभं राहून भोंग्याची वाट बघायचे.

४०४ ताई (सीए): अण्णा, द्वारकादास खटला आम्हालाही होता, पण तो आपल्या जुन्या मिलचा असं कुणी सांगितलं नव्हतं. २०३ भाऊ, आणखी एक प्रश्न मग: हे शेअर पूर्ण भरलेले आहेत की पुढं आणखी पैसे मागतील?

२०३: तुम्ही सगळे मिळून माझी चौकशी समिती बसवलीय का? कारखान्यात ४० बायका कामाला आहेत. बँकेची लिमिट भरलीय म्हणून मालक असे पैसे उभे करालेत. मराठी माणसानं धंदा करायचा म्हटलं की असं.

४०२ काका: धंदा वाढावा हीच इच्छा आहे. पण 'बँकेची लिमिट भरलीय' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, म्हणून जरा हिशोब मांडतो. बँकेला ११ टक्के व्याज दिलं तर ते खर्चात धरता येतं, टॅक्स वाचतो. डिव्हिडंड टॅक्स भरून उरलेल्या नफ्यातून जातो. टॅक्स साधारण २५ टक्के धरला तर तुम्हाला १२ द्यायला कारखान्याला आधी १६ कमवावे लागतात. जो मालक ११ सोडून १६ ला तयार होतो, त्याला ११ नं कुणी देत नाही. ज्यांच्याकडं सगळी बॅलन्सशीट आहे आणि इमारत गहाण आहे ते थांबलेत, आणि आजी विनातारण देणार?

१०५ मालक: पण बँकेत ७ मिळत नाही हे तर खरं ना?

४०२ काका: खरं. आता तुमच्या १२ ची किंमत काढू. १०० चा शेअर, दरवर्षी १२, सातव्या वर्षी १०० परत. तेवढ्याच धोक्याच्या ठिकाणी १२ टक्के पुरेसे वाटत असतील तर तो १०० चाच. पण अशा कारखान्याकडून मी १६ तरी मागेन. मग आज त्याची किंमत ८४ रुपये. २० मागितले तर ७१. तुम्ही मात्र पूर्ण १०० मोजताय. वरचे १६ रुपये पहिल्याच दिवशी कारखान्याच्या मालकाला भेट.

२०१: काका, मग साध्या शेअरची किंमत कशी काढायची? तिथं तर दर ठरलेलाच नसतो.

४०२ काका: पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले (तुला हवा तो परतावा वजा डिव्हिडंडची वाढ). ५ रुपये डिव्हिडंड, १३ टक्के हवेत, वाढ ८ टक्के: ५ भागिले ०.०५, म्हणजे १००. वाढ ६ च धरली तर ७१. १० धरली तर १६७. दोन-दोन टक्के अंदाज हलला की किंमत कुठल्या कुठं जाते, म्हणून इक्विटीवाला रात्री जागा असतो. पण धंदा फुलला तर ती वाढ त्याची असते. प्रेफरन्सवाल्याला कारखाना दहापट झाला तरी १२ च, आणि बुडाला तर जवळपास इक्विटीइतकाच फटका. प्रेफरन्स घ्यायचा तर कंपनी अशी हवी की नफा डिव्हिडंडच्या तीन-चार पट, दरसाल. नफा किती आहे ते २०३ नी अजून सांगितलं नाही.

ट्रेझरर: मी काय म्हणतो, सिंकिंग फंड नुसता पडून आहे. थोडा...

३०१ वहिनी: अजिबात नाही!!

४०४ ताई (सीए): टाकताच येत नाही. सोसायटीनं पैसे कुठं गुंतवायचे ते सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये ठरवून दिलंय.

ट्रेझरर: विचारलं फक्त. सहकारी बँकेतही मागं असलेच प्रेफरन्स घ्या म्हणत होते, ते चालतात का मग?

४०२ काका: रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं नागरी सहकारी बँका काढू शकतात. काही कायमचे असतात, म्हणजे मुदतच नाही. डिव्हिडंड थकला तर साचत नाही. काउंटर तोच, साहेब तोच, म्हणून लोकांना ठेवच वाटते. पण ५ लाखांचा ठेव विमा त्याला लागू नाही. घेताना हे विचारायचं.

सेक्रेटरी: श्रावणी सोमवारची वर्गणी अजून ९ जणांची यायची आहे 🙏

४०४ ताई (सीए): मूळ मुद्दा राहतोय. प्रायव्हेट कंपनीला लोकांकडं असं जाहीर मागताच येत नाही. ज्यांना द्यायचे त्यांची नावं आधी ठरवून, प्रत्येकाच्या नावानं ऑफरचं पत्र द्यावं लागतं, त्याला पीएएस-४ म्हणतात. वर्षाला जास्तीत जास्त २०० माणसं. जाहिरात नाही, एजंट नाही, पैसे रोख नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड तर नाहीच, कंपनी कायद्याचं कलम ४२. भाऊ, स्पष्ट विचारते, यात तुम्हाला काही मिळतंय का?

२०३: हा मेसेज हटवण्यात आला

२०१: वाचला होता मी 🙈

२०३: दीड टक्का मिळतो. लपवायचं काही नाही. धंदा आहे.

१०५ मालक: हे आधी सांगायला पाहिजे होतं राव.

३०१ वहिनी: थांबा, आई स्वतः लिहितायत.

३०१ वहिनी: मी आजी बोलते. ४०२, मला एकच सांगा. उद्या दवाखान्याला लागले तर हे पैसे मधेच मिळतील का, एफडीसारखे मोडून?

४०२ काका: नाही आजी. बाजारात विकायची सोय नाही, ७ वर्षं अडकले.

२०३: आजी, तुमच्यासाठी मालक देतील मोडून, मी शब्द टाकतो.

४०४ ताई (सीए): मालकांची इच्छा असली तरी मनात येईल तेव्हा देता येत नाहीत. प्रेफरन्सची परतफेड शेअरच्या ठरलेल्या अटींनुसारच, आणि तीही नफ्यातून किंवा नवे शेअर विकून आलेल्या पैशातूनच करता येते, कलम ५५. शब्दावर नाही.

३०१ वहिनी: मग मी ठेवत नाही. एफडीच बरी. (आजी)

४०२ काका: आजी, ६ लाख एकाच बँकेत नका ठेवू. विमा एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच. ३-३ लाख दोन बँकांत ठेवा, नाहीतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना बघा. सोमवारी मी येतो बरोबर.

२०३: ४०४ ताई, एक विचारायचं होतं. ग्रुपवरच विचारतो आता. आपल्या गल्लीतल्या काहींनी मार्चमध्येच पैसे दिलेत. त्यांना अजून सर्टिफिकेट आलं नाही, नुसती लेटरहेडवर पावती आहे. आमच्या मेव्हण्याचेही आहेत त्यात.

४०४ ताई (सीए): पीएएस-४ मिळालं होतं का त्यांना?

२०३: नाही.

४०४ ताई (सीए): शेअरचं वाटप झाल्याचं काही पत्र, डिमॅटला नोंद?

२०३: नाही.

४०४ ताई (सीए): पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायला हवे होते. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही नाही केलं तर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याजासकट परत करायचे. ही मात्र कंपनीची कायदेशीर जबाबदारी, नफा असो नसो. सगळ्यांच्या पावत्या गोळा करा, बँकेतून गेलेल्या पैशाच्या नोंदी काढा. कुणी रोख दिले असतील तर ते वेगळं लिहून आणा.

२०३: दोघांनी रोख दिलेत.

४०२ काका: त्या दोघांनाही घेऊन ये. मालकांनाही ये म्हणावं, भांडायला नाही, कागद करायला. कारखाना चालू आहे तोवर बोलता येतं.

२०३: विचारतो त्यांना. सकाळी १० ला ऑफिसात?

सेक्रेटरी: ऑफिसची चावी माझ्याकडे आहे. ७ ला टँकर उतरवून घेतो आणि उघडून ठेवतो.